न सापडलेला खिळा

सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देणाऱ्या या माणसाला सगळा रस्ता ‘मुके मिस्त्री’ म्हणायचा. ही शुद्ध थट्टा होती. मिस्त्री मुके तर नव्हतेच, उलट संध्याकाळी शटर ओढलं की शेजारच्या घड्याळवाल्यापाशी गप्पांची अशी काही बैठक जमवायचे की बिचाऱ्याला जेवायला घरी जाणं मुश्कील व्हायचं. पण दिवसभर तोंडात खिळे असत, आणि तोंडात खिळे धरलेला माणूस बोलणार काय, कपाळ?

आता खिळे तोंडात कशाला, असं कुणी विचारेल. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून धरायला एक हात लागतो आणि हातोडीला दुसरा. खिळा धरायला तिसरा हात माणसाला नाही. म्हणून या धंद्यातले जुने कारागीर मूठभर बारीक खिळे सरळ तोंडात टाकतात. जीभ एकेक खिळा फिरवून ओठांवर आणते, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्याला तो चिकटतो, आणि पुढच्या क्षणी कापडात जाऊन बसतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मिस्त्रींना मात्र ते श्वास घेण्याइतकं सोपं होतं. वडिलांच्या हाताखाली ते हे शिकले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

गिऱ्हाईक विचारायचं, “मिस्त्री, सोफा कधी मिळेल हो?” मिस्त्री म्हणायचे, “हं.” त्यांच्या ‘हं’मध्ये बरेच प्रकार होते. एक ‘हं’ म्हणजे परवा, एक म्हणजे विसरा, आणि एक लांबलेला ‘हं’ म्हणजे चहा टाक. हे सगळे प्रकार फक्त त्यांच्या बायकोला कळायचे. दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, त्यामुळे दुभाष्याचं काम तिच्याकडे आपसूक आलं होतं.

मिस्त्रींच्या दोन्ही किडन्या पन्नाशीच्या आत निकामी झाल्या. आधी पाय सुजले, मग चेहरा, मग आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेऊन पडून राहणं सुरू झालं. दुकान जवळजवळ बंदच पडलं. बायकोची किडनी जुळली नाही. जुळली ती ताईची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, शाळेत मुलांना खेळ शिकवणारी बाई. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचितच यायची, कारण आवाजच तेवढा होता. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला तिनंच न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं आणि यथास्थित बदडलंही. किडनी द्यायची वेळ आली तेव्हा तिनं विचार करायला एक दिवससुद्धा घेतला नाही. “लहानपणापासून सगळं निम्मं निम्मंच तर खाल्लंय आपण,” ती म्हणाली, “त्यात काय एवढं?”

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. बाहेरून आलेला अवयव शरीराला परका वाटतो आणि शरीर त्याच्या अंगावर धावून जातं. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना गोळ्या देऊन गुंगीत ठेवायचं, तेही जन्मभर. “पण पहारेकरी गुंगीत म्हटल्यावर बाकीचेही हात धुऊन घेणार,” बाई म्हणाल्या. “जंतू तर आहेतच. शिवाय आपल्या अंगातल्याच काही पेशी कधीतरी भलत्या वाटेला लागतात. एरवी पहारेकरी त्यांना जागच्या जागी पकडतात. तुमच्याकडे तसं होईलच असं नाही. त्यामुळे गाठ, फोड, न भरणारी जखम, गिळायला त्रास, काहीही नवीन वाटलं तर मला सांगायचं. ‘त्यात काही नाही’ हे तुम्ही नाही ठरवायचं, ते मी ठरवीन.”

तेवढ्यात बायकोनं खिळ्यांचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. “तोंडात? लोखंडी खिळे? तुमच्यापुढे हात जोडते मी.” आणि ताई? घरी पोचल्याबरोबर तिनं दुकानातून मनगटाला बांधायची लोहचुंबकाची पट्टी शोधून काढली, मिस्त्रींच्या मनगटाला करकचून बांधली आणि वचन घेतलं. “माझी किडनी आहे तुझ्या पोटात. पुन्हा तोंडात खिळा दिसला तर बघ, माझ्याशी गाठ आहे.”

मिस्त्रींनी वचन दिलं आणि पाळलंही. वर्षभर तरी अगदी मनापासून पाळलं.

पण मनगटावरच्या पट्टीनं त्यांचा जीव मेटाकुटीला आला. खिळा उचलायला मान वळवायची, बोटांनी सोडवायचा, टोक कुठं आणि डोकं कुठं ते बघायचं, तोवर ताणलेलं कापड ढिलं पडायचं. जे काम सकाळी संपायचं ते दिवेलागणीपर्यंत पुरायचं, आणि तरीही कड वाकडी यायची. एकदा एका म्हाताऱ्या वकिलाची आरामखुर्ची परत आली. वकील फार सभ्यपणे म्हणाले, “मिस्त्री, तब्येत सांभाळा, खुर्चीचं काय एवढं.” हे मिस्त्रींना शिवीपेक्षा जास्त लागलं. त्या दुपारी त्यांनी आतल्या दाराकडे पाठ केली आणि चार खिळे तोंडात टाकले. चाराचे मूठभर व्हायला फार दिवस लागले नाहीत. बायकोची चाहूल लागली की खिळे हळूच तळहातात यायचे. हातचलाखीच ती, आणि मिस्त्रींचा हात होताच सफाईदार.

ताई अधूनमधून न सांगता दुकानात टपकायची आणि दारातूनच ओरडायची, “आ कर!” पन्नाशीचा माणूस, समोर दोन गिऱ्हाइकं उभी, आणि हा मुकाट्यानं आ करायचा. गिऱ्हाइकं हसायची, मिस्त्रीही हसायचे. तोंड रिकामं असायचं, कारण ताईच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरूनच कळायचा.

मग ती शिंक आली. केस कापणाऱ्याच्या दुकानातली खुर्ची मढवायला आली होती. फोम कापल्याची भुकटी हवेत होती, ती नाकात गेली आणि तोंडात खिळे असतानाच मिस्त्रींना शिंक आली. खिळे फरशीवर उडाले. मिस्त्रींनी हातोडीचं चुंबकाचं टोक फिरवून सगळे गोळा केले, टेबलाखाली बघितलं, फोमच्या तुकड्यांत बघितलं. एक कमी वाटत होता. खिळे मोजून कुणी तोंडात घेत नाही, पण मुठीला अंदाज असतो, आणि त्यांची मूठ सांगत होती की एक गेला. कुठं गेला, हा विचार त्यांनी जरा वेळ केला आणि सोडून दिला.

पुढे काही दिवसांनी पावाचा एक घास छातीच्या मधोमध अडकला. पाणी प्यायल्यावर उतरला. दोन दिवसांनी पुन्हा अडकला. मग भातही जरा रेंगाळून उतरू लागला. मिस्त्रींनी मनाशी लगेच ताडलं, हा तोच. आडवा होऊन बसलाय आत कुठंतरी.

डॉक्टरांनी इतकं समजावून सांगितलं होतं, तरी या माणसाच्या डोक्यात दुसरी शंका कशी आली नाही, याचं कुणालाही नवल वाटेल. पण ज्याला चोरी लपवायची असते त्याला सगळीकडे आपलीच चोरी दिसते. खिळा गिळलाय याची त्यांना इतकी खात्री होती, आणि तो कळला तर काय होईल याची इतकी धास्ती, की घशाखाली आणखी काही असू शकतं हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. खिळा म्हणजे मोडलेलं वचन. खिळा म्हणजे ताई.

त्यांनी स्वतःच औषध सुरू केलं. केळी खाल्ली की गिळलेली वस्तू गुंडाळली जाऊन बाहेर पडते, असं लहानपणी कुठंतरी ऐकलं होतं. घरात डझनांनी केळी येऊ लागली. बायको म्हणाली, “अहो, मी माणसाशी लग्न केलं होतं ना?” मिस्त्री “हं” म्हणाले. त्यातून मात्र तिला काही कळलं नाही.

दर तीन महिन्यांनी होणारी तपासणी आली. नेहमीप्रमाणे ताई बरोबर होती, कारण ही तपासणी म्हणजे तिच्या लेखी निम्मा तिचाही निकाल. किडनीचे आकडे उत्तम आले होते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “बाकी काय? जेवण? गिळताना काही?”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. बाई कागदाकडे बघत होत्या, ताई मिस्त्रींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शाळेनं सामना जिंकल्यावर असतो तसला आनंद होता. मिस्त्रींच्या जिभेवर वाक्य आलं होतं, अगदी आलं होतं. “काही नाही,” ते म्हणाले. “मस्त चाललंय.”

हे दोन शब्द पुढे त्यांना किती वेळा आठवले असतील याला गणती नाही. त्या खोलीत त्यांचं भलं चिंतणाऱ्या दोन बायका होत्या. दार बंद होतं आणि वेळ भरपूर होता. एवढं सोपं पुन्हा कधीच होणार नव्हतं.

तरी मन खातच होतं. म्हणून एक दिवस कापड आणायला जातो असं सांगून ते बस बदलून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथं कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा ठिकाणी, आणि स्वतःच्या हट्टानं छातीचा एक्स-रे काढून घेतला. तिथल्या माणसानं फिल्म उजेडासमोर धरली. “खिळाबिळा काही नाही हो. असता तर चांगला उठून दिसला असता. पण गिळताना अडकतंय म्हणता, तर डॉक्टरांना दाखवा. यात सगळंच दिसत नाही.” मिस्त्रींनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य घरी नेलं. बसमध्ये त्यांना गाणं गुणगुणावंसं वाटत होतं. खिळा गेला! वचन मोडल्याचा पुरावाच गेला! त्या आनंदात त्यांनी खरंच खिळे कायमचे सोडले आणि मनगटाची पट्टी पुन्हा बांधली. आता आपण ताईपुढे ताठ मानेनं उभे राहू शकतो, असं त्यांना वाटलं.

घास मात्र अडकतच राहिला. जखम झाली असेल, भरायला वेळ लागतोच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. नंतरची तपासणीही “काही नाही” म्हणून पार पडली.

गोळ्यांनी मधल्या काळात त्यांचा चेहरा गोल झाला होता आणि पोट सुटलं होतं, त्यावरून ताई सारखी टोकायची. आता वजन उतरायला लागलं तशी ती खूश झाली. “बघ, कसा खेळाडूसारखा दिसायला लागलास! मी म्हणत नव्हते?” हे तिचं बोलणं पुढे तिच्याच उरावर बसलं, पण तेव्हा तिनं पाठीवर थाप मारली आणि मिस्त्रींनीही ती खाल्ली. बायको दुकानातल्या शिलाई मशीनवर त्यांच्या पँट्स कमरेत आत घेत होती. पहिल्यांदा तिनं गंमत केली, दुसऱ्यांदा टेप लावून कंबर दोनदा मोजली, आणि तिसऱ्यांदा मशीन थांबवून तशीच बसून राहिली.

एका सकाळी ती आत आली तर मिस्त्री मोरीवर ओणवे होते. नुसतं दूध प्यायले होते, तेही उलटून आलं होतं.

“कधीपासून?”

“अगं, काही नाही.”

“कधीपासून, विचारतेय मी.”

“ताईला सांगू नकोस,” मिस्त्री म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि ओल्या हातांनीच फोन उचलला.

ताई आली, वाऱ्यासारखी आली आणि दवाखान्यात घेऊन गेली. तोंडातून दुर्बीण घालून आत बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याभरानं डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा ताई खाली औषधं आणायला रांगेत उभी होती. बाई थांबू या म्हणाल्या, पण मिस्त्रींनीच घाई केली. ताई नसतानाच ऐकायचं होतं त्यांना.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. भिंतीच्या आत शिरला होता आणि शेजारच्या गाठींपर्यंत पोचला होता. तुमच्यासारख्यांना याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, बाई म्हणाल्या, आणि वाढतोही कधी कधी भराभर. म्हणून तर दर वेळी विचारते मी.

तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगितलं. खिळे, शिंक, केळी, एक्स-रे, सगळं. बायको पदर तोंडाशी धरून ऐकत होती. बाईंनी आधीच्या तपासण्यांचे कागद उलटून पाहिले. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “खिळा गेला होता की नाही, मला माहीत नाही. बहुतेक तो तुमच्या दुकानातच कुठंतरी पडला असेल. पण समजा तुम्ही येऊन सांगितलं असतंत, ‘बाई, मी खिळा गिळलाय, घास अडकतोय,’ तरी मी त्याच दिवशी दुर्बीण घातली असती. खिळा शोधायला घातली असती आणि हे दिसलं असतं. तेव्हा कदाचित वरच्या थरापुरतंच असेल. तेवढं दुर्बिणीतूनच काढता येतं कधी कधी.”

“म्हणजे चोरी कबूल केली असती तरी…”

“हो,” बाई म्हणाल्या.

आता ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं. औषधं आणि किरणं देऊन गाठ आकसते का ते बघायचं, आणि त्यासाठी पहारेकऱ्यांना थोडं जागं करायचं, म्हणजे त्या गोळ्या कमी करायच्या. पहारेकरी जागे झाले की ते आधी परक्यावर धावून जाणार, आणि अंगात परकी होती ती ताईची किडनी. ती कदाचित टिकेल, कदाचित नाही. हे सगळं बाईंनी हळूहळू, दोनदा सांगितलं.

ताईला आजाराचं नाव त्याच दिवशी जिन्यात कळलं. बाकीचं मात्र मिस्त्रींच्या बायकोनं सांगितलं नाही. “ते तुमचं तुम्ही सांगा,” ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं.

उपचार सुरू झाले. ताईनं शाळेतून रजा टाकली आणि दुकानामागच्या खोलीत मुक्कामच ठोकला. रोज दुपारी ती भाज्या शिजवून मिक्सरमधून काढायची, मोठ्या गाळणीतून गाळायची, मग बारीक गाळणीतून. मिस्त्री खाटेवर उशीला टेकून बघत राहायचे. सांगायचं सांगायचं म्हणताना रोज दुपार सरायची. भीती आता कशाची होती, त्यांनाही कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी सांगितलं. भिंतीकडे बघतच सांगितलं. ताईचा हात गाळणीवर फिरायचा थांबला.

“तुझी किडनी पण जाईल बहुतेक,” मिस्त्री म्हणाले.

“जाऊ दे तिला.” मग ती म्हणाली, “बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते.”

“हो.”

“मी नसते तिथं, तर सांगितलं असतंस?”

मिस्त्रींना खोटं बोलायचं होतं. आयुष्यात एकदा तरी खोटं बोलणं चांगलं ठरलं असतं ते इथं. पण ताईपुढे खोटं बोलून काय होतं ते आता दोघंही भोगत होते.

“हो,” ते म्हणाले.

ताई स्टुलावर बसली. तिनं गाळणी पातेल्यात तशीच सोडली. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. लहानपणापासून ज्याला भ्यायले ते आता येईल, भिंती हादरतील, शेजारचा घड्याळवाला धावत येईल. येऊ दे. अर्ध्या तासाचा तो ओरडा त्यांनी चुकवला होता आणि त्याची ही किंमत झाली होती.

“ओरड ना गं ताई,” ते म्हणाले.

ताईनं मान हलवली. “आता कशाला रे ओरडू तुझ्यावर,” ती म्हणाली, आणि उठून त्यांची उशी सरळ केली.

आजार कळल्यापासून मिस्त्री रडले नव्हते. ते रडले ते तेव्हा.